घड्याळातला ८८ आणि झोपेतला ७९: वाढलेल्या नाडीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिगत ३६ वर्षांच्या, बैठे काम करणाऱ्या एका महिलेची आहे. त्यांच्या संमतीने ती लिहिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. स्मार्टवॉच त्या दीड वर्षापासून वापरत होत्या, पण पावले मोजण्यापुरतेच. विश्रांतीतल्या ठोक्यांचे पान त्यांनी कधी उघडले नव्हते. एकदा सहकाऱ्याशी बोलताना विषय निघाला आणि दोघांनी आपापले आकडे पाहिले. सहकाऱ्याचा ५६, यांचा ८८.

प्रौढ माणसाची बसल्या जागची नाडी मिनिटाला ६० ते १०० असू शकते, हे त्यांनी त्याच रात्री वाचले आणि त्यांना हायसे वाटले. पुढे वाचताना, ज्यांची नाडी सतत जास्त असते त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळतात, असे एक वाक्य आले आणि झोप उडाली. ते वाक्य खोटे नाही. मात्र ते हजारो लोकांच्या सरासरीबद्दल आहे. एका माणसाची नाडी ८८ का आहे, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवून पाहण्यातही फारसा अर्थ नव्हता. नियमित धावणाऱ्याची नाडी पन्नाशीत असणे स्वाभाविक आहे. शिवाय ‘विश्रांती’ कशाला म्हणायचे हे प्रत्येक कंपनी आपल्या परीने ठरवते. काही घड्याळे जागेपणी शांत बसलेल्या वेळेतले ठोके धरतात, काही झोपेतलेही मिसळतात. दोन वेगळ्या घड्याळांतला आठ-दहा ठोक्यांचा फरक निव्वळ हिशेबाच्या पद्धतीमुळेही पडू शकतो.

अडचण कशी वाढत गेली

त्या दिवसापासून घड्याळाकडे पाहणे सुरू झाले. आधी तासातून एकदा, मग दर काही मिनिटांनी. नाडी १००च्या वर गेली की सूचना यावी अशी सोय त्यांनी चालू केली. मनगट थरथरले की छातीत धस्स व्हायचे आणि धस्स झाले की नाडी आणखी चढायची. कॉफी त्यांनी पूर्ण बंद केली. दोन आठवडे गेले, आकडा हलला नाही. (ही बारीकशी गोष्ट नंतर कॅफिन हे कारण वगळायला उपयोगी पडली. त्या वेळी तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.)

घरच्यांचे मत ठाम होते. बहीण म्हणाली, “अगं, ते घड्याळच चुकत असेल. काढून ठेव बघू, आपोआप बरं वाटेल तुला.” तिचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. घड्याळाच्या मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तावर पडतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर तो किती शोषला जातो यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल, हात गार असेल, हात हलत असेल किंवा मनगटावर गडद गोंदण असेल, तर मोजणी फसते. चालताना तर घड्याळ कधीकधी पावलांचीच लय ठोके म्हणून मोजते.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सूचना आली: ११८. त्या तातडीच्या विभागात गेल्या. तिथे ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला, ऑक्सिजन पाहिला. लय नियमित होती आणि ठोके हृदयाच्या नेहमीच्या केंद्रातूनच निघत होते, फक्त वेगाने. वैद्यकीय भाषेत हा साइनस टॅकिकार्डिया. छातीत दुखत नव्हते, चक्कर नव्हती. तासाभराने नाडी ९६वर आली आणि कागदावर ‘चिंता’ असे लिहून त्यांना घरी पाठवले.

जीवघेणे काही नाही ना, हे तातडीच्या विभागाने नीट तपासले. त्यात काही कमी नव्हते. प्रश्न त्या एका शब्दामुळे निर्माण झाला. त्या रात्रीची घाबरगुंडी चिंतेची होती, यात शंका नाही. पण पुढचे काही आठवडे तो शब्द सगळ्याच लक्षणांचे उत्तर होऊन बसला.

पहिला टप्पा: आकडा खाली आला, चौकशी थांबली

दोन आठवड्यांनी त्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेल्या. आधीचे कागद पाहून तिथे प्रोप्रॅनोलॉलची लहान मात्रा दिली गेली. हे औषध हृदयाचा वेग कमी करते, हातांचा कंप कमी करते आणि चिंतेतल्या धडधडीसाठी सर्रास दिले जाते. चार दिवसांत घड्याळ ७४ दाखवू लागले. त्यांना सुटल्यासारखे वाटले. दहा दिवसांची पट्टी संपली, तेव्हा ‘आता बरे आहे’ म्हणून त्यांनी ती पुन्हा आणली नाही. आठवड्यात आकडा परत ९०च्या घरात.

ही औषधे मनाने एकाएकी बंद करू नयेत. नियमित आणि जास्त मात्रेत घेणाऱ्यांची नाडी अशा वेळी उसळून पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकते. दहा दिवसांच्या लहान मात्रेनंतर तो धोका कमी असतो. त्यामुळे आकडा परत चढला याचा सरळ अर्थ एवढाच होता की मूळ कारण जागेवरच होते.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत नाजूक जागा आहे. नाडी वाढणे हे लक्षण आहे. औषधाने लक्षण झाकले गेले की रुग्णाला बरे वाटते, डॉक्टरांना आपले निदान बरोबर ठरल्यासारखे वाटते आणि शोध तिथेच संपतो. प्रोप्रॅनोलॉलने नाडी खाली येणे हा चिंतेचा पुरावा होऊ शकत नाही, कारण कारण काहीही असले तरी ते नाडी खाली आणतेच.

समोरचे पर्याय

नवव्या आठवड्यात त्या ज्या डॉक्टरांकडे आल्या, त्यांच्या नोंदींवरून पुढचा भाग लिहिला आहे. मोबाइलमध्ये चाळीसेक स्क्रीनशॉट होते, सगळे चढलेल्या आकड्यांचे. त्यांची मागणी स्पष्ट होती: इको (हृदयाची सोनोग्राफी), हॉल्टर (दिवसभर अंगावर लावायचा ईसीजी), स्ट्रेस टेस्ट, जमल्यास अँजिओग्राफी, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

डॉक्टरांसमोर तीन वाटा होत्या. पहिली, ‘चिंता’ हेच निदान धरून समुपदेशनाकडे पाठवणे. ती निरर्थक नव्हती, कारण घड्याळ पाहण्याचे चक्र खरोखर सुरू होते आणि ते मोडायलाच हवे होते. दुसरी, मागितलेल्या सगळ्या तपासण्या लिहून देणे. पण छातीत दुखणे नाही, बेशुद्ध पडणे नाही, ठोके अचानक सुरू होऊन अचानक थांबणे नाही, घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू नाही. अशा माणसात अँजिओग्राफीसारखी शरीरात नळी घालून करायची तपासणी मदतीपेक्षा धोकाच जास्त देते. तिसरी वाट, साइनस टॅकिकार्डियाच्या हृदयाबाहेरच्या कारणांची यादी एक-एक करून तपासणे.

ती यादी फार लांब नाही. ताप, अंगातले पाणी कमी होणे, रक्तक्षय, गर्भारपण, थायरॉइड ग्रंथी जास्त चालणे, कॅफिन, निकोटिन, मद्य, अपुरी झोप, वेदना. दम्याचा पंप आणि सर्दीसाठी नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्याही नाडी वाढवतात. लांब आजारपणानंतर व्यायामाची सवय सुटली तरी ती वाढते. आणि अर्थातच चिंता.

निर्णायक प्रश्न

डॉक्टरांनी आधी त्यांना पाच मिनिटे शांत बसवले आणि अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली: ९६. घड्याळ त्याच वेळी ९८ दाखवत होते. म्हणजे घड्याळ चुकत नव्हते. बहिणीचा तर्क इथे निकालात निघाला.

मग त्यांनी विचारले, “झोपेतले ठोके दिसतात का यात? आणि मागच्या वर्षीचे?”

दिसत होते. कोणी पाहिलेच नव्हते.

आलेख असा होता. वर्षभर विश्रांतीचा दैनिक आकडा ६४ ते ६७ आणि रात्री झोपेतली सर्वांत कमी नाडी ५४च्या आसपास. सहकाऱ्याशी झालेल्या त्या बोलण्याच्या सुमारे अडीच महिने आधीपासून दोन्ही रेषा हळूहळू चढू लागल्या होत्या. आता दिवसाचा आकडा ८८ आणि झोपेतला नीचांक ७९.

यातून दोन गोष्टी उघड झाल्या. एक, चढ चिंतेच्या आधी सुरू झाला होता. घड्याळ पाहायला लागल्यामुळे नाडी वाढली, असे म्हणायला आता जागा नव्हती. दोन, गाढ झोपेतही नाडी खाली येत नव्हती. भीतीने वाढलेली नाडी सहसा झोपेत ओसरते, कारण झोपलेला माणूस घाबरलेला नसतो. थायरॉइडच्या जास्तीच्या संप्रेरकाला मात्र दिवस-रात्र नसते. ते हृदयाच्या लय ठरवणाऱ्या केंद्रावरच परिणाम करते. रुग्ण झोपेत असताना नाडी मोजून चिंता आणि थायरॉइड यांतला फरक ओळखण्याची ही युक्ती घड्याळांच्या कितीतरी आधीपासून वैद्यकात शिकवली जाते. पूर्वी त्यासाठी वॉर्डातल्या परिचारिकेला रात्री उठावे लागे. इथे ती नोंद रोज आपोआप होत होती. हात स्थिर असल्याने घड्याळाचे झोपेतले मोजमाप बहुधा दिवसापेक्षा भरवशाचेही असते.

हा पुरावा मात्र नव्हे, केवळ दिशा. ताप, रक्तक्षय, रात्रीचे मद्य, विस्कटलेली झोप यांनीही झोपेतली नाडी वर राहते. म्हणून पुढचे प्रश्न विचारले गेले आणि उत्तरे भराभर जुळत गेली. तीन महिन्यांत वजन चार किलो उतरले होते. भूक उलट वाढली होती, पण त्याच सुमारास सुरू केलेल्या व्यायामाला त्यांनी श्रेय दिले होते. इतरांना गारवा वाटत असताना यांना उकडायचे. दिवसातून तीनदा शौचाला जावे लागायचे. जिना चढताना मांड्या भरून यायच्या. पाळीत रक्तस्राव कमी झाला होता. केस गळत होते. हात पुढे पसरून बोटांवर कागद ठेवला, तर त्याची कड थरथरत होती. गळ्याशी थायरॉइड ग्रंथी किंचित फुगलेली हाताला लागली.

यांतले एकही लक्षण त्यांनी आधी कुठे सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते, आणि त्यांच्या मनात हृदयाखेरीज दुसरे काही नव्हते.

काय केले

बारा लीडचा, म्हणजे हृदयाला बारा दिशांनी पाहणारा, ईसीजी पुन्हा काढला: साइनस टॅकिकार्डिया, बाकी ठीक. घड्याळातूनही ईसीजी निघतो, तो त्या अनेकदा काढत होत्या. पण तो एकाच दिशेने पाहणारा असतो आणि प्रामुख्याने एट्रियल फिब्रिलेशन ही अनियमित लय ओळखण्यासाठी बनवलेला असतो. ‘साइनस ऱ्हिदम’ असे तो सांगतो तेव्हा लय नेहमीची आहे एवढेच कळते. वेग का वाढला, हे त्यातून कळत नाही.

रक्तात हिमोग्लोबिन ठीक, साखर ठीक, गर्भधारणा नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक (थायरॉइड जास्त चालली की ते घटते), ०.०१पेक्षा कमी, जिथे सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४च्या आसपास असते. फ्री टी-४ आणि टी-३ ही थायरॉइडची संप्रेरके दोन्ही वाढलेली.

इथे उपचार सुरू करायचा मोह होणे साहजिक होते. डॉक्टरांनी एक प्रश्न आणखी विचारला: केसांसाठी काही घेता का? उत्तर होय. बायोटिन या जीवनसत्त्वाची १० मिलिग्रॅमची गोळी, रोज. प्रौढांना दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, म्हणजे ही मात्रा तीनशे पटींहून जास्त. अनेक प्रयोगशाळांमधल्या चाचण्या बायोटिनच्या जोडणीवरच चालतात. रक्तात ते भरपूर असेल तर टीएसएच खोटेच कमी आणि टी-४, टी-३ खोटेच जास्त येऊ शकतात. ग्रेव्हज आजाराची, म्हणजे प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त चालवते त्या आजाराची, अँटिबॉडी शोधणारी चाचणीही त्यात फसू शकते. म्हणजे ग्रंथी पूर्ण निरोगी असताना कागदावर हुबेहूब ग्रेव्हज दिसू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, एफडीएने, २०१७मध्ये चाचण्यांमधल्या या गडबडीबद्दल जाहीर इशारा दिला होता.

लक्षणे इतकी बोलकी असताना थांबायचे का? डॉक्टरांनी थांबायचे ठरवले. थायरॉइड तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद करावे, अशी शिफारस आहे. त्यांनी ते चार दिवस बंद ठेवून रक्त पुन्हा तपासले आणि सोबत अँटिबॉडीही पाहिली. वर्षभर चालणारे औषध चार दिवस उशिरा सुरू झाल्याने बिघडणार काहीच नव्हते. चुकीच्या रिपोर्टवर ते सुरू झाले असते तर पुष्कळ बिघडले असते.

दुसऱ्या वेळीही तेच आकडे आले आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. निदान: ग्रेव्हज आजार. यात शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडला सतत चालू राहण्याचा इशारा देत राहते.

रक्त घेऊन झाल्यावर, आणि दमा नाही याची खात्री करून, प्रोप्रॅनोलॉल पुन्हा दिले. औषध तेच, पण आता ते कशासाठी आहे हे माहीत होते. निदान पक्के झाल्यावर कार्बिमाझोल हे थायरॉइडचे संप्रेरक कमी करणारे औषध सुरू केले. त्याआधी पांढऱ्या पेशी आणि यकृताच्या चाचण्या करून घेतल्या. उपचारादरम्यान गर्भधारणा ठरवायची असेल तर आधी सांगायचे, कारण सुरुवातीच्या महिन्यांत हे औषध गर्भाला घातक ठरू शकते, हे समजावले. ताप, घसा दुखणे किंवा तोंड येणे यांपैकी काही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या, हे कागदावर लिहून दिले. पांढऱ्या पेशी एकदम घटण्याचा हा दुष्परिणाम क्वचित होतो. झालाच तर तो गंभीर असतो आणि बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो.

घड्याळाचे काय करायचे, हा स्वतंत्र निर्णय होता. काढून टाकायला त्यांना सांगितले नाही, आणि ते मला फार योग्य वाटते. सूचनेची मर्यादा १००वरून १२० केली. दिवसातला आकडा पाहायचा नाही, रविवारी एकदा झोपेतल्या नीचांकाचा आठवड्याचा आलेख पाहायचा आणि तो वहीत टिपायचा, एवढेच ठरले. त्याशिवाय समुपदेशकाकडे काही भेटी झाल्या. थायरॉइड सापडले म्हणून चिंता खोटी ठरत नव्हती. वाढलेले संप्रेरक स्वतःच अस्वस्थता, चिडचिड आणि निद्रानाश घडवते, त्यात तो ११८चा धसका आणि पाहण्याची लागलेली सवय. दोन्हींवर उपचार हवे होते.

निष्पत्ती

प्रोप्रॅनोलॉलमुळे आठवड्याभरात धडधड आणि कंप कमी झाले. सहाव्या आठवड्यात फ्री टी-४ मर्यादेत आले, तेव्हा प्रोप्रॅनोलॉल टप्प्याटप्प्याने काढले. तीन महिन्यांनी, फक्त कार्बिमाझोलवर असताना, झोपेतला नीचांक ६१ होता. वजन परत भरू लागले होते. टीएसएच तेव्हाही दबलेलेच होते. ते पाहून त्या पुन्हा घाबरल्या. पण टी-४ सुधारल्यावरही टीएसएच वर यायला कित्येक महिने लागू शकतात, हे त्यांना सांगून ठेवलेले होते, म्हणून एका फोनवर निभावले.

पाहण्याची सवय लगेच गेली नाही. पहिले काही रविवार त्या आठवड्याच्या मध्येच आलेख उघडत. सहाव्या महिन्याच्या सुमारास वहीतल्या नोंदी विरळ झाल्या आणि डॉक्टरांनी ते चांगले लक्षण मानले.

कार्बिमाझोल साधारण १२ ते १८ महिने चालते. नंतर अँटिबॉडी तपासून थांबवायचे का ते ठरेल. थांबवल्यावर आजार परत येण्याची शक्यता बरीच असते. तसे झाले तर पुन्हा गोळ्या, किरणोत्सारी आयोडिन किंवा शस्त्रक्रिया असे पर्याय आहेत, आणि त्यांवर बोलणे आत्तापासून सुरू आहे.

वेगळे काय करता आले असते

८८ हा आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत बसतो, म्हणून दोनदा त्याकडे दुर्लक्ष झाले. चौकट ६० ते १००ची असली तरी या बाईंची स्वतःची पातळी ६५ होती. काही महिन्यांत तेवीस ठोक्यांनी चढून तिथेच थांबलेली नाडी चौकटीत असूनही विचारायला हवी. दुसऱ्या कोणाची नाडी वर्षानुवर्षे ८८ असेल आणि प्रकृती उत्तम असेल, तर तोच आकडा पूर्ण निरुपद्रवी असू शकतो.

पहिल्यांदा प्रोप्रॅनोलॉल दिले तेव्हाच त्याआधी रक्त घेतले असते, तर सुमारे महिना वाचला असता. औषध चुकीचे नव्हते, क्रम उलटा झाला. उपचाराविना जास्त चालत राहिलेल्या थायरॉइडने एट्रियल फिब्रिलेशनचा आणि हाडे विरळ होण्याचा धोका वाढतो. इथे तसे काही झाले नाही. पण महिना ही काही किरकोळ गोष्ट नाही.

रुग्णाच्या बाजूनेही एक बदल सोपा होता. चाळीस स्क्रीनशॉटमधून डॉक्टरांना काहीच मिळाले नाही, कारण ते सगळे घाबरलेल्या क्षणांचे होते. उपयोगी पडले ते वर्षभराचा आलेख, झोपेतला नीचांक, चढ कधी सुरू झाला तो महिना आणि वजन, भूक, झोप, शौच, पाळी यांतले बदल. सोबत सगळ्या गोळ्यांची यादी हवी, केसांच्या आणि ‘ताकदीच्या’ गोळ्यांसकट. बहुतेक लोक त्यांना औषध मानत नाहीत आणि सांगत नाहीत.

झोपेतली नाडी पूर्वीसारखीच ५४ असती तर? माझ्या अंदाजाने घड्याळाची चिंता घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्याच गटात असतील. तेव्हाही एक ईसीजी, हिमोग्लोबिन आणि टीएसएच करणे रास्त ठरले असते. ते ठीक आले असते तर तपासण्या तिथेच थांबवून सारे लक्ष चिंतेवर दिले गेले असते. प्रत्येक नव्या तपासणीने दोन दिवसांचा दिलासा मिळतो आणि मग पुढची हवीशी वाटते. त्या वाटेने नेणे म्हणजे रुग्णाची काळजी घेणे नव्हे.

एका मुद्द्यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. तातडीच्या विभागातच टीएसएच पाठवायला हवे होते का? एक बाजू म्हणते, तिथे येणाऱ्या प्रत्येक धडधडीला ही चाचणी लावली तर खरे आजारी मागे राहतील. दुसरी म्हणते, “वजन कमी झालंय का?” एवढे विचारायला दहा सेकंद लागतात आणि उत्तर होय आले तर रक्त पाठवावे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. ती रात्र चाचणीसाठी योग्य नसेल, तर निदान घरी जाताना दिलेल्या कागदावर ‘चिंता’ या शब्दाखाली एक ओळ हवी होती: दोन आठवड्यांत नाडी उतरली नाही, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.